गाडीची घंटा

मी चांद्याच्या लाकडाच्या डेपोत कारकून होतो, तेव्हा तिथं ओंडके उचलायची गाडी आली. पुढं दोन लोखंडी सुळे आणि मागं धोक्याची घंटा. महिनाभरात ती घंटा वाजायला लागली, ती काही थांबेचना. आमच्या मोठ्या साहेबांनी आधी घंटेला गोणपाट बांधलं, मग ड्रायव्हर बदलला. इंजिनात डोकावून बघणं त्यांच्या इभ्रतीत बसत नव्हतं.

मजूर मात्र खूश होते. रानात गाईच्या गळ्यातली लाकडी घंटा वाजते, तोवर गाय कुठं आहे ते कळतं. "वाजू द्या नं भाऊ, गाडीकडं पाठ करून काम करता येते," असं ते मलाच समजावत.

शेवटी नागपूरहून मिस्त्री आला. त्यानं इंजिनात तेल ओतलं आणि घंटा गप्प झाली. तेल संपत आलंय, एवढंच ती बिचारी ओरडून सांगत होती. साहेबांनी पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी ती मुकी गाडी मागं सरकत साहेबांच्या नव्या सायकलीवर चढली. आरागिरणीच्या आवाजात इंजिन कोणालाच ऐकू आलं नव्हतं. साहेब लालबुंद झाले. सगळ्या डेपोसमोर त्यांनी परत निघालेल्या मिस्त्रीला हुकूम सोडला, "काल ओतलेलं तेल आत्ताच्या आत्ता काढ!"