श्रीमंतांसाठी हात वर करणारी त्रुफेना

आमच्या करिंथच्या ख्रिस्ती मंडळीत श्रीमंत माणसं चारच होती आणि चौघांनाही स्वर्गात जायचं होतं. अडचण एवढीच की श्रीमंताला तिथे शिरणं फार जड जातं, हे दर रविवारी आम्हाला ऐकवलं जाई. संपत्ती सोडून द्या, असंही सांगितलं जाई. पण सोडण्यापेक्षा सोपी वाट आमच्या शहाण्यांनी शोधून ठेवली होती. ती वाट आम्हा विधवांच्या बाकावरून जायची.

रीत अशी होती. श्रीमंत भाऊ टोपली भरून भाकरी, अंजीर, जैतुनं घेऊन येई आणि आमच्या बाकापुढे ठेवी. मग आमच्यातली एकजण उठून दोन्ही हात वर करी आणि देणाऱ्यासाठी प्रार्थना म्हणे. बाकीचे सगळे आमेन, म्हणजे ‘तसंच होवो’, म्हणत, देणाराही म्हणे. तिने हात वर केले नाहीत तोवर दान वर पोचलं नाही असं समजायचं. श्रीमंताची प्रार्थना म्हणे जड असते, अर्ध्या वाटेत दमते. गरिबाचं पोट रिकामं, म्हणून त्याची प्रार्थना हलकी, ती सरळ वर जाते. मी त्या बाकावर अकरा वर्षं काढली. भाकरी बहुतेक शिळी असायची, पण आम्ही देत होतो तो स्वर्ग ताजा होता की शिळा ते कुणी पाहिलंय?

आमच्या बाकावर सगळ्यांत जास्त मागणी होती त्रुफेनाला. बुटकी, गुडघ्यांनी अधू, पण दंड एखाद्या नावाड्यासारखे. दोन्ही हात वर धरून उभं राहायला ताकद लागते, करून बघा. माझे हात दहा ओळींत थरथरायला लागतात. त्रुफेना अर्धा प्रहर उभी राहायची. ही ताकद तिला देवाने दिली असं सगळे म्हणत. ती दिली होती तेलाचा व्यापारी दिओक्लेस याच्या जात्याने. त्याच्या घरात तिने तीस वर्षं गुलाम म्हणून दळण दळलं होतं.

दिओक्लेस आमच्या मंडळीचा खांब. सभा त्याच्याच वाड्यात भरायची. तो आणि त्याच्यासारखे आत गाद्यांवर, आम्ही बाहेर चौकात. त्रुफेनाचे गुडघे गेले त्या वर्षी त्याने तिला भर सभेत मुक्त केलं. काय सांगू तुम्हाला, लोक रडले. थेओनास वडील, म्हणजे मंडळीचे कारभारी, त्यांनी तर त्याला मिठीच मारली. दुसऱ्या दिवसापासून त्रुफेनाच्या खाण्याचा भार मंडळीच्या टोपलीवर आला. आयजीच्या जिवावर बायजी उदार, दुसरं काय.

पुढे दिओक्लेसला मुतखड्याचा त्रास सुरू झाला. एकदा तो कळांनी तळमळत पडला असताना त्रुफेनाने हात वर केले आणि योगायोग असा की त्याच संध्याकाळी खडा पडला. झालं. तेव्हापासून त्याला दुसऱ्या कुणाची प्रार्थना चालेना.

त्रुफेनाला एक मुलगी होती, एल्पिस. आई गुलाम असताना जन्मली, त्यामुळे ती दिओक्लेसच्याच मालकीची. तेलाच्या कोठाराच्या किल्ल्या तिच्या कमरेला असत. जिभेवर एक थेंब ठेवून कुठल्या तेलात काय मिसळलंय ते ती सांगे, मग असली मुलगी कोण सोडतो? रविवारी दिओक्लेस तिला ‘भगिनी’ म्हणायचा. सोमवारी सकाळी ती पुन्हा त्याच्या मालात जमा. त्या हिवाळ्यात त्याने आपल्या लेकीचं लग्न समुद्रापलीकडे इफिसात ठरवलं आणि तिच्याबरोबर द्यायच्या सामानात पलंग, चांदीची भांडी आणि एल्पिस असं ठरलं. वसंतात जहाजं सुटली की जायचं. इफिसाला गेलेली दासी परत आलेली मी तरी पाहिलेली नाही.

त्रुफेना थेओनास वडिलांकडे गेली. मंडळीच्या पेटीतून माझ्या मुलीला सोडवा म्हणाली. वडिलांनी तिला मायेने समजावलं की सगळ्यांच्या पैशातून गुलाम सोडवायचे नसतात, त्याने त्यांच्या मनात स्वातंत्र्याची हाव उत्पन्न होते. तिने विचारलं, ‘‘वडील, तुम्ही तर जन्मापासून स्वतंत्र. मग तुमची ती हाव कशी काय गेली?’’ वडील म्हणाले, प्रार्थना कर.

आणि त्याच महिन्यात त्रुफेना श्रीमंत झाली.

तिच्या नवऱ्याचा भाऊ ग्लुकोन, आपल्या धर्मातला नव्हे, किंख्रिया बंदरावर मासे खारवण्याचा धंदा करायचा. मोठं आवार, जमिनीत बांधलेल्या टाक्या, एक होडी. मूलबाळ नाही. तापात गेला आणि सगळं भावजयीच्या नावाने ठेवून गेला, कारण काय, तर तो उपाशी फिरायचा त्या दिवसांत ती स्वतः गुलाम असूनही आपल्या वाट्याची अर्धी भाकरी त्याला देत असे. त्या एवढ्या मोठ्या गावात एका परधर्मी माणसाला ते आठवलं.

बातमी पसरली आणि अख्ख्या मंडळीला त्रुफेनाच्या आत्म्याची काळजी लागली. गुळाला मुंगळे लागावेत तशी माणसं तिच्या खोलीवर येऊ लागली. जो येई तो संपत्ती किती वाईट ते सांगे आणि मग ती आपल्याकडे सोपवायला सुचवी. एकाने टाक्या सांभाळायची तयारी दाखवली, एकाने होडी. थेओनास वडील तीनदा आले. संपत्ती म्हणजे पदरातला साप, तो मंडळीच्या पेटीत टाक, म्हणाले. मी तिथेच लसूण सोलत बसले होते. म्हटलं, पेटीत आधीच बरेच आहेत, चावाचावी होईल. वडिलांनी ऐकूच न आल्यासारखं केलं.

त्रुफेना मात्र काठी टेकत थेट दिओक्लेसकडे गेली. मी आधाराला बरोबर होते. तो अंजिरं खात बसला होता.

‘‘मालक, आवार तुम्ही घ्या,’’ ती म्हणाली. ‘‘टाक्या, होडी, सगळं. मला एल्पिस द्या.’’

‘‘मालक काय म्हणतेस, त्रुफेना? प्रभूमध्ये आपण भाऊ-बहीण आहोत.’’

‘‘बरं, भाऊ. मला माझी मुलगी द्या.’’

त्याला फार वाईट वाटलं. भावाबहिणींत खरेदी-विक्री? विधर्मी लोक करतात तसं? आपल्या हातून असा सौदा होणं नाही, म्हणाला.

‘‘मग फुकट द्या,’’ त्रुफेना म्हणाली.

‘‘बघ, पुन्हा तू किमतीवरच आलीस. पैसा आला की माणसाचं असं होतं.’’ आणि त्याने आम्हाला दोन-दोन अंजिरं देऊन वाटेला लावलं.

परत येताना मला त्या माणसाचा इतका संताप आला होता की अंजीर घशाखाली उतरेना. तरी खाल्लं. खोटं कशाला बोलू?

त्यानंतरच्या रविवारी थेओनास वडिलांनी असं काही केलं की जे फक्त आमच्यासारखे धर्मनिष्ठ लोकच करू शकतात. त्रुफेनाचं नाव त्यांनी विधवांच्या बाकावरून काढलं. जिच्या मालकीचं आवार आहे ती गरीब नव्हे, आणि गरीब नव्हे तिची प्रार्थना वर जात नाही, हा नियम. नियमाला धरून त्यांनी तिला आत श्रीमंत बायकांत नेऊन गादीवर बसवलं. तिला कमी पाणी घातलेला द्राक्षारस मिळाला. तिने तिथूनच मला हात केला आणि आपली भाकरी मोडून अर्धी बाहेर पाठवली. कित्येक दिवसांत मी मऊ भाकरी खाल्ली नव्हती.

मग दिओक्लेसची टोपली आली. हात वर करायला उठले मी. उठले, दहा ओळी म्हटल्या, बसले. मंगळवारी त्याला कळ आली.

त्याचा सगळा राग माझ्यावर. भेटायला गेले तर पलंगावरून ओरडला, ‘‘तुझ्या प्रार्थनेत जीवच नाही, मेलिते.’’

‘‘तुमच्या भाकरीत असता तर माझ्यात आला असता, भाऊ,’’ मी म्हटलं.

मग बाकावरच्या एकेकीला बोलावून पाहिलं. एक उभ्या उभ्या झोपली. एकीने त्याच्याऐवजी चुकून त्याच्या दिवंगत बापासाठी प्रार्थना केली, तेव्हा तर तो भीतीने पांढराच पडला. वैद्य आला आणि आता कापावं लागेल म्हणाला. ते ऐकल्यावर दिओक्लेसने त्रुफेनाला आणायला पालखी पाठवली. तीस वर्षं जिने त्याच्या घरात पाठ मोडली ती त्याच्या घरात पालखीतून गेली, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

पलंगाच्या एका बाजूला थेओनास वडील, दुसऱ्या बाजूला कढत तेलाचं फडकं घेऊन एल्पिस. दिओक्लेस घामाघूम.

‘‘हात वर कर, त्रुफेना,’’ तो म्हणाला.

‘‘करते. पण जाणार नाही, भाऊ. वडिलांनीच सांगितलंय. माझं पोट भरलेलं आहे.’’

‘‘मग गरीब हो!’’

‘‘आत्ता होते,’’ त्रुफेना म्हणाली. ‘‘माझी गरिबी तुमच्याच हातात आहे. एल्पिसला सोडा आणि आवार घ्या.’’

एल्पिसच्या हातातल्या फडक्यातून तेल ठिबकत होतं आणि तिचं त्याकडे लक्ष नव्हतं. दिओक्लेसने वडिलांकडे पाहिलं. भावाबहिणींत सौदा नको, असं त्यानेच म्हटलं होतं ना!

वडील विद्वान माणूस, त्यांनी वाट काढली. हा सौदा नाहीच, ते म्हणाले. दिओक्लेसभाऊ करुणा येऊन दासीला मुक्त करत आहेत. त्रुफेनाबाई आत्म्याच्या भीतीने संपत्ती टाकत आहेत. आणि टाकलेली संपत्ती दुसऱ्या कुणा दुबळ्याला बाधू नये म्हणून दिओक्लेसभाऊ तो धोका स्वतःच्या डोक्यावर घेत आहेत. त्याच्या त्यागाने वडिलांचा आवाजही जड झाला. साक्षीदार बोलावले, लेख झाला. दिओक्लेस कण्हत होता, पण होडी आवारात धरली आहे ना, एवढं त्याने मध्येच विचारून घेतलं.

एल्पिसने कमरेच्या किल्ल्या सोडून उंबऱ्याशी ठेवल्या आणि बाहेर आली. रस्त्यात ती थांबली. कुठल्या बाजूला वळायचं ते तिला कळेना, कारण आजवर ते तिला नेहमी कुणीतरी सांगत आलं होतं. त्रुफेना म्हणाली, ‘‘तुला हवं तिकडे चल गं, मी येते मागून.’’ मी सहसा रडत नाही. तिथे रडले.

रविवारी त्रुफेना परत बाकावर माझ्या शेजारी आली. आता तिच्याकडे अंगावरचं लुगडं आणि एक मुलगी एवढंच होतं, म्हणजे प्रार्थनेला ती अगदी योग्य. दिओक्लेसला खुर्चीतून उचलून आणलं. खडा अजून होताच. त्याची टोपली आमच्यापुढे आली. त्यात भाकरीवर खारवलेले मासे होते, किंख्रियाच्या आवारातले. त्रुफेनाने ते ओळखले. मला वाटलं, ही आता हात वर करत नाही. मी तिच्या जागी असते तर केले नसते, उलट टोपली त्याच्या डोक्यावर उपडी केली असती.

ती उठली. एल्पिसने तिचं कोपर धरलं. तिने दोन्ही हात वर केले, पूर्वीसारखे ताठ.

‘‘देवा,’’ ती म्हणाली, ‘‘या भावाने मला माझी मुलगी दिली. त्याचं भलं कर, त्याचा खडा पाड. श्रीमंताला तुझ्या दारातून आत येणं जड जातं, असं मी इथेच बसून शिकले. माझ्यावर होतं ते ओझंही आता त्याने त्याच्या ओझ्यावर चढवून घेतलंय. मी वडिलांना विचारलं, ते खरंच आहे म्हणाले. ते मात्र माझ्याने उतरवलं जाणार नाही, देवा. त्याने मला दिली ती भाकरी, तेवढ्यापुरतेच माझे हात आहेत. बाकीचं तू आणि तो बघून घ्या.’’

हात खाली आले. थेओनास वडील जमिनीकडे बघत होते. आम्ही बाकावरच्या सगळ्या विधवांनी एका आवाजात आमेन म्हटलं, मग चौकाने म्हटलं, मग आतल्या गाद्यांवरूनही आलं. राहिला दिओक्लेस. देणाऱ्याने म्हटल्याशिवाय प्रार्थना पुरी होत नाही. सगळे त्याच्याकडे बघत थांबले. तो बराच वेळ खुर्चीचे हात धरून बसला आणि मग त्याने आमेन म्हटलं.