अण्णांनी न पाहिलेला बॅकहँड

आमच्याकडं किस्सा जन्माला येतो तेव्हा वीतभर असतो. चार दिवस कँटीनच्या चहावर राहिला की फडातल्या उसासारखा माणसाच्या डोक्यावर जातो! म्हणून मी एक सवय लावून घेतली आहे. जे पाहिलं ते त्याच संध्याकाळी वहीत उतरवायचं आणि मगच जेवायला बसायचं. अशा सात वह्या भरल्या. सातही वह्यांत शैलाताईंचं टेनिस आहे. मी स्वतः आजवर रॅकेट हातात धरलेली नाही.

ढोकीच्या अलीकडं एका साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी क्लार्क आहे. कॉलनीत लाल मातीचं एक जुनं टेनिस कोर्ट आहे. शैलाताईंचे वडील इथं इंजिनिअर होते, ताई याच मातीवर खेळायला शिकल्या आणि पुढं देशभरात जिंकत फिरल्या. निवृत्त झाल्यावर सगळ्यांना वाटलं, पुण्यात राहतील. त्या कॉलनीच्या कडेला दोन खोल्या बांधून परत आल्या! वय साठीचं, पण हातात रॅकेट आली की वय कुंपणाबाहेर थांबायचं.

संध्याकाळी साडेपाचला हवेत मळीचा गोड आंबूस वास असतो, ऊन तिरपं होऊन मातीवर लोळत असतं. त्या वेळी कोर्टाच्या कठड्यावर आम्ही तिघं हजर असतोच. मी, ट्रॅक्टरवाला हरिबा आणि कँटीनवाले चाँदभाई.

*

हरिबानं ताईंचा फोरहँड पहिल्यांदा पाहिला तो ट्रॅक्टरवरून. मागं उसाच्या दोन ट्रॉल्या, काट्याच्या रांगेत त्याचा चौथा नंबर. कुंपणापलीकडं ताईंनी फोरहँड मारला आणि हरिबाचा पाय ब्रेकवर गेला तो तिथंच राहिला.

रांग पुढं सरकली. मागच्यांनी हॉर्न वाजवून कॉलनी डोक्यावर घेतली. शेवटी बाकीचे ट्रॅक्टर त्याला वळसा घालून पुढं गेले. मी काट्यावरून पळत आलो.

"हरिबा, नंबर गेला की तुझा!"

त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "जाऊ द्या वं. नंबर उद्या बी येतो. मला एवढंच सांगा, आधी आवाज आला का आधी चेंडू गेला?"

त्याच्या उसाचं वजन त्या दिवशी सगळ्यात शेवटी झालं. पावती खिशात घालताना तो म्हणाला, "बाईच्या हातात रॅकेट न्हाय, वीज हाय. पर वीज कशी, अंगणात सडा टाकावा तशी पडती!"

*

आम्हाला खेळाचे गुण कळायला एक हंगाम गेला. पंधरा झाले, तीस झाले, इथपर्यंत सगळं ठीक होतं. पुढं ताई म्हणाल्या, "चाळीस."

चाँदभाईंनी माझ्याकडं वळून पाहिलं. "क्या वहीवाले, पंधरा, तीस, मग पंचेचाळीस पायजे. पाच कुठं गेले?"

मी काही बोलायच्या आत हरिबा म्हणाला, "कुठं जातेत? ह्यांच्या काट्यावर पाचटाची घट कापली असंल!"

उसाबरोबर आलेल्या पाचटाचं वजन काट्यावर वजा करतात. सगळ्या शेतकऱ्यांचा राग त्या घटीवर आणि पर्यायानं माझ्यावर. मी मान खाली घातली. ताई मात्र नेटला धरून हसत राहिल्या. त्या दिवसापासून त्या गुण सांगतात ते असे: "पंधरा, तीस, आणि घट धरून चाळीस!"

*

टाळ्यांचाही असाच घोळ झाला. आमच्या तिघांची सवय कुस्तीच्या फडाची. पैलवानानं नुसता दंड थोपटला तरी आम्ही आरोळी ठोकणार! ताई सर्व्हिस करायला चेंडू वर उडवत आणि इकडून हरिबाची शिट्टी. चेंडू खाली पडायचा.

एकदा ताई कठड्यापाशी आल्या. "खेळ चालू असताना आवाज करायचा नाही. एवढं पाळाल का?"

आम्ही इतकं पाळलं, की पुढचे आठ दिवस खोकलोसुद्धा नाही. फोरहँड रेषेवर पडो, कोपऱ्यात पडो, आम्ही तिघं देवळातल्या दगडी नंदीसारखे. नवव्या दिवशी ताईंनीच विचारलं, "काय हो, हल्ली माझा खेळ आवडत नाही का?"

हरिबा कळवळून म्हणाला, "ताई, ऊर फुटायची येळ आली! पर परवानगी कधी मिळती तेच कळंना!"

मग ठरलं. ताई पाठ फिरवून चालू लागल्या की टाळी. तेव्हापासून त्या मुद्दाम सावकाश पाठ फिरवतात.

*

आता खरं सांगायचं ते ताईंच्या बॅकहँडबद्दल.

फोरहँड ही ताकद होती, पण डावीकडं आलेला चेंडू परतवायचा तो बॅकहँड वेगळाच होता. एका हातानं मारलेला, लांबलचक, निवांत. त्या वळायच्या, खांदा चेंडूला दाखवायच्या आणि मग हात असा उलगडत जायचा की पाहणाऱ्याला आपला श्वास घ्यायचा राहिलाय हे मागाहून कळे. पहिली दोन वर्षं तो आम्ही रोज पाहिला. मग ताईंच्या उजव्या खांद्याचं सोलापूरला ऑपरेशन झालं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी निक्षून सांगितलं, फोरहँड हलक्या हातानं चालेल, बॅकहँड कायमचा बंद. पुन्हा मारलात तर खांदा हातात राहणार नाही.

आणि नेमके त्याच महिन्यात गोविंदअण्णा कोर्टावर आले.

अण्णा मूळचे भूमकडचे. ऊस पडतो त्या गव्हाणीवर त्यांची उभी हयात गेली. गुडघे दुखायला लागले म्हणून साहेबांनी शेवटची दोन वर्षं त्यांना कोर्टाच्या कामावर दिलं. पाणी मारणं, रूळ फिरवणं, चुन्यानं रेषा आखणं. अण्णा सकाळी हातानं खडे वेचायचे. कोर्ट असं ठेवलं होतं की वर ताट मांडून जेवावं! पण ज्याच्यासाठी लोक इथं येत, तो बॅकहँड एकट्या अण्णांनी पाहिला नव्हता.

*

"म्हंजे नेमका कसा होता वं?" अण्णा रोज विचारायचे.

हरिबा सांगायचा, "असं बगा, पट्टीच्या तोडकऱ्यानं कोयता फिरवावा आन् उसाला कळूच नये तुटल्यालं."

चाँदभाईंना ते पटायचं नाही. "अरे, कोयता क्या! दूध वरून ओतताना धार कशी येती, न तुटता? तसं."

मी वहीत बघून सांगायचो, "धुतलेलं लुगडं वाळत घालण्याआधी झटकतात ना अण्णा, तसं. शेवटाला टोकाशी नुसता एक आवाज."

अण्णा तिन्ही ऐकून घ्यायचे. मग चुन्याचा कुंचला हातात धरून वळायचे, गुडघा सांभाळत हात उलगडायचे. "असं?"

"न्हाय वं अण्णा," हरिबा म्हणायचा. "ही तर माशी हाकलली!"

अण्णा हसून पुन्हा रेष आखायला बसायचे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की ते निवृत्त होऊन गावी जाणार होते. एकदा म्हणाले, "एकदा बगायला मिळाला असता तर बरं झालं असतं." लगेच आम्हा तिघांकडं बोट रोखलं. "ताईंच्या कानावर घालायचं न्हाय बरं का! त्या लगेच मारतील. त्यांचा खांदा माझ्या हौशीपायी जायला नको."

आम्ही तिघांनी चहाच्या पेल्यावर हात ठेवून शपथ घेतली.

*

चाँदभाईंनी एक युक्ती काढली. ताईंच्या जुन्या फायनलची एक व्हिडिओ कॅसेट होती, आणि चाँदभाईंच्या घरी ती चालवायचं मशीनही अजून होतं. ताईंकडून ती "सहज बघायला" म्हणून आणली. अण्णांना पुढं खुर्ची, आम्ही मागं सतरंजीवर.

फोरहँड स्वच्छ दिसले. एकामागून एक. अण्णा मान डोलवत होते. मग पडद्यावरच्या तरण्या ताई डावीकडं वळल्या, खांदा पुढं आला...

आणि चित्र फाटलं! नुसत्या पांढऱ्या रेघा. चित्र परत जुळलं तेव्हा चेंडू पलीकडं गेलेला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवताहेत. कॅसेट मागं नेली, पुढं नेली. दर वेळी बॅकहँडवरच रेघा. चाँदभाईंनी कॅसेट काढून फुंकली, शर्टाला पुसली. तेच!

तासाभरानं अण्णा उठले, चपला घातल्या. "चाँदभाई, लई चांगलं दिसलं. पर ह्यात बॅकहँडच्या येळेला पाऊसच लागतोय."

*

ताईंच्या समोर खेळायचे ते आमच्या दवाखान्याचे डॉक्टर मुळे. खेळ बेताचा, जीव मोठा. ऑपरेशननंतर त्यांनी एक व्रत घेतलं. चेंडू टाकायचा तो ताईंच्या उजव्या बाजूलाच, हळूच, फोरहँडवर येईल असा.

हरिबाला ते बघवायचं नाही. तो कठड्यावरून म्हणायचा, "डॉक्टर, चेंडू हाय का सलाईन? थेंब थेंब सोडताय!"

"हरिबा," डॉक्टर रॅकेटनं घाम पुसल्यासारखं करून म्हणायचे, "मी इथं खेळाडू नाही, डॉक्टर आहे."

"ते खेळ बगून कळतंयच की!"

ताईसुद्धा हसायच्या. पण मी एक टिपून ठेवलं आहे. डॉक्टरांचा चेंडू उजवीकडं यायचा, ताई तो परतवायच्या, आणि परतवल्यावर क्षणभर डाव्या बाजूच्या मोकळ्या मातीकडं बघायच्या. रोज बघायच्या.

*

पट्टा पडायला सहा दिवस राहिले होते. गाळपाचा शेवटचा ऊस, धूर विरळ झालेला, संध्याकाळ पिवळी आणि इतकी शांत की चेंडूचे दोन टप्पे वेगवेगळे ऐकू यावेत. अण्णा पंपघराच्या मागं नळ बंद करायला गेले होते.

डॉक्टरांचा हात निसटला. चेंडू चुकून ताईंच्या डावीकडं आला, उंच आणि वेगानं.

ताई विसरल्या. शरीर विसरलं नव्हतं. त्या वळल्या, खांदा पुढं आला आणि हात उलगडत गेला, पहिल्यासारखा, टोकापर्यंत. चेंडू पलीकडच्या कोपऱ्यात रेषेवर पडून कुंपणाला लागला. डॉक्टरांनी मानही वळवली नव्हती.

ताईंनी डावा हात खांद्यावर ठेवला आणि तशाच घरी गेल्या.

अण्णा हात पुसत पंपघरामागून आले. "काय झालं? गप का समदे?"

हरिबा दुसरीकडं बघायला लागला. चाँदभाई म्हणाले, "अण्णा... आत्ता... नळावर होता तुम्ही."

अण्णांना कळलं. त्यांनी एवढंच विचारलं, "कुठं पडला?"

आम्ही कोपरा दाखवला. चेंडूचा लांबट ठसा अर्धा मातीत, अर्धा चुन्याच्या रेषेवर होता. अण्णा गुडघा धरून खाली बसले, बराच वेळ बघत राहिले. मग कोठीतून एक घमेलं आणलं आणि त्या ठशावर पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या कोर्टाला पाणी मारलं, घमेल्याच्या कडेनं हात राखून. तिसऱ्या दिवशीही तसंच.

चौथ्या दिवशी ताई आल्या. दारातच थांबल्या. "वहीवाले, ते घमेलं कशाला?"

मी शपथ मोडली. दोन वाक्यांत सगळं सांगितलं.

ताई कोर्ट ओलांडून कोपऱ्यात गेल्या. घमेलं थोडं उचलून आत पाहिलं, परत होतं तसं ठेवलं. मग आपल्या बाजूला येऊन हाक मारली, "अण्णा! नळ बंद करून इकडं या."

अण्णा आले. आमच्याकडं बघून त्यांनी ओळखलं. "ताई, नगं! म्या हात जोडतो."

"इथं उभे राहा, नेटच्या खांबाजवळ. चेंडूकडं नाही बघायचं, माझ्याकडं बघायचं."

"ताई," डॉक्टर म्हणाले, "डॉक्टर म्हणून सांगतो..."

"एकच मारणार आहे. तुम्ही टाकता, की माझा मी टाकून घेऊ?"

डॉक्टर मुळ्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मग दोन वर्षांत पहिल्यांदा जाणूनबुजून चेंडू डावीकडं टाकला.

ताई वळल्या. मी त्या दिवशी त्यांच्याकडं पाहिलं नाही, अण्णांकडं पाहिलं. त्यांचं तोंड थोडं उघडं होतं, आणि मान ताईंच्या हाताबरोबर हळूहळू फिरत गेली, फिरत गेली...

टण्ण!

घमेल्याचा आवाज कॉलनीभर गेला. दोन घरांतून बायका बाहेर डोकावल्या.

ताईंनी रॅकेट डाव्या हातात घेतली आणि सावकाश पाठ फिरवली. टाळ्या वाजवायचं कुणालाच सुचलं नाही.

अण्णा कोपऱ्यात गेले. चपला काढल्या. घमेलं उचलून बाजूला ठेवलं, अनवाणी पायानं तो ठसा पुसून टाकला, आणि नळ सोडून त्याच कोपऱ्यापासून पाणी मारायला सुरुवात केली.