माफ करून घेतलेला मेहेर

"याला पडद्याच्या पलीकडं बसवा. बाईमाणूस हाय हे."

हाजीसाहेब माझ्याकडं बोट दाखवून भरल्या हॉलमध्ये म्हणाले. माइक चालू होता. दोन्हीकडचे पाहुणे हसले. मीही हसलो. त्यांच्यासमोर हसायची सवय होती. कुरुळीतल्या त्यांच्या चाळीत मी भाड्यानं राहत होतो. चाकणच्या कंपन्यांतलं भंगार उचलायचा त्यांचा धंदा, आणि मशिदीच्या कमिटीत त्यांचाच शब्द. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा, इरफानचा निकाह होता. मुलगी माझ्या मेव्हणीची, नाझनीन. तिचे वडील नाहीत, म्हणून तिच्या बाजूनं वकील मी.

आमच्यातला हा वकील कोर्टातला नव्हे. दोन साक्षीदार घेऊन तो मुलीकडं जातो, निकाह कबूल आहे का विचारतो, आणि ती म्हणेल ते बाहेर येऊन सांगतो. एवढंच काम. बहुतेक मुली मान हलवतात, बायका डोळे पुसतात, वकील बाहेर येऊन हो म्हणतो.

नाझनीननं मान हलवली नव्हती. ती म्हणाली होती, "मेहेर हातात आला की कबूल."

तिच्या शेजारी माझी बायको जैतून बसली होती. ती माझ्याकडं बघत होती. हे कुणी शिकवलं ते मला लगेच कळलं. बाहेर येऊन मी तिचं बोलणं तसंच सांगितलं, आणि हाजीसाहेबांनी मला बाईमाणूस ठरवलं.

मेहेर म्हणजे नवऱ्यानं बायकोला द्यायचा तिचा हक्क. सोनं किंवा रोकड. धर्मानंच सांगितलेला. पण आमच्याकडं तो नुसता कागदावर चढतो, उधार म्हणून. आणि पहिल्या रात्री नवरा तो माफ करून घेतो. माझ्या लग्नात चुलतभावांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आधी माफ करून घे रे, मग हात लाव." मी तसंच केलं. जैतून हो म्हणाली. मी विसरून गेलो.

ती विसरली नव्हती, हे मला दियानमुळं कळलं.

दियान आमच्या कंपनीच्या इंडोनेशियातल्या कारखान्यातून आली होती. नवी वेल्डिंग लाइन बसवायला काही महिन्यांसाठी. डोक्याला स्कार्फ, पायात सेफ्टी शूज. लाइनवर ती माझी वरिष्ठ. पहिल्याच शुक्रवारी तिनं विचारलं, इथं मशिदीत बायकांची जागा कुठं असते? मी म्हणालो, आमच्या बायका घरी नमाज पढतात. "जागा कमी पडते का?" तिनं साधेपणानं विचारलं. मला तो टोमणा वाटला. शेवटी मी तिला घरी घेऊन गेलो. जैतूननं ओटा पुसला, जमिनीवर चादर अंथरली, आणि दोघी शेजारी शेजारी नमाजाला उभ्या राहिल्या.

नंतर ती दर रविवारी यायला लागली. जैतूनला इंग्रजी येत नाही, दियानला हिंदी येत नाही. एक जण फोनमध्ये बोलायची आणि फोन दुसऱ्या भाषेत मोठ्यानं वाचायचा. काहीतरी भलतंच वाचायचा आणि दोघी पोट धरून हसायच्या. जैतूनचं तसलं हसणं मी लग्नापासून ऐकलं नव्हतं.

एकदा मी दारात चपला काढत होतो. आतून फोनमधली बाई जैतूनचं बोलणं इंग्रजीत सांगत होती. कंपनीत राहून मला तेवढं कळतं. ती म्हणत होती, "निकाहात मला विचारलं. त्या रात्री मेहेर माफ करतेस का, तेही विचारलं. त्यानंतर मला कुणी काही विचारलंच नाही."

मी चप्पल हातात धरून उभा राहिलो. माझा बिछाना, आणि त्याची हकीकत यंत्राच्या आवाजात.

मग दियान बोलली आणि फोननं तिचं हिंदीत सांगितलं. तिच्याकडं नवरा मेहेर सगळ्यांसमोर हातात देतो. मग अटी वाचून दाखवतो, मी या मोडल्या तर बायकोला कोर्टात जाता येईल. "माझ्या नवऱ्यानं वाचल्या आणि मोडल्या. मी कोर्टात गेले. न्यायाधीश बाई होती. आमच्याकडंही सगळं बरं नाही. पण त्यानं सगळ्यांसमोर वाचलं होतं. तेवढं मला पुरलं."

मला लाज वाटायला हवी होती. माझा जळफळाट झाला. माझ्याशी जैतून भाजी, भाडं आणि शिफ्ट यापलीकडं बोलत नव्हती. आणि या परक्या बाईला चार रविवारांत सगळं देऊन टाकलं. तिच्याजवळ असं काही द्यायला आहे हेच मला माहीत नव्हतं. मी काय केलं? त्या महिन्यात तिच्या फोनचं रिचार्ज केलं नाही. विसरलो म्हणालो.  जैतून शेजारणीच्या फोनवरून बोलायला लागली. पुढं दियान आपल्या देशी गेली, तरी फोन चालूच राहिले. माझं जळणंही.

आणि आता भरल्या हॉलमध्ये तेच बोलणं नाझनीनच्या तोंडून आलं होतं.

"मेहेर काय पळून चाललाय व्हय?" हाजीसाहेब म्हणाले. "जा, नीट विचारून ये. आन् तुझ्या बायकोला आवर."

मी पडद्याकडं निघालो ते तिला आवरायलाच. खरं लिहितो. मला वाटलं, बरं झालं, आज चार लोकांच्या देखत हिला गप्प करता येईल. पडदा सरकवला. नाझनीननं जैतूनची ओढणी दोन्ही हातांनी धरली होती. मेंदी लावलेले हात. ती एकोणीस वर्षांची. जैतूनही तेव्हा एकोणीसचीच होती.

जैतून हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही वकील आहात ना? ती म्हणाली तेवढंच सांगा. तुमच्या मनचं नक्को."

मी नाझनीनला परत विचारलं. ती परत तेच म्हणाली. मी बाहेर आलो.

"मुलगी म्हणते, मेहेर हातात आला की कबूल."

"खोली खाली करायची हाय का तुला?"

"करीन. पण तिचं बोलणं मला बदलता येत नाही. आणि तुम्ही सांगितलंत तसं पलीकडं बसतो."

मी खुर्ची उचलली आणि पडद्यापलीकडं, बायकांच्या बाजूला जाऊन बसलो. या वेळी कुणी हसलं नाही. निकाह पढवणाऱ्या मौलानांनी पेनला टोपण लावलं आणि हात मांडीवर ठेवले. त्यांचा पगार कमिटी देते. तरी ते थांबले.

शेवटी इरफान उठला. म्हणाला, "अब्बा, सेट गाडीतच आहे."

मेहेरात लिहिलेलं सोनं दारात उभ्या असलेल्या गाडीत होतं. जेवणं झाल्यावर पाहुण्यांना दाखवायला आणलेलं. फक्त तिच्या हातात द्यायचं नव्हतं.

डबा आत आला. नाझनीननं तो मांडीवर ठेवला आणि कबूल म्हणाली. मला इरफानचा हेवा वाटला. त्याची सुरुवात स्वच्छ झाली. मनात आलं, माझ्या वेळी असा वकील नव्हता. मग माझं मलाच कळलं. जैतूनच्या वेळी नव्हता.

खोली गेली. आता आम्ही चाकणच्या पलीकडं राहतो. ओव्हरटाइम करून मी जैतूनचा मेहेर सोन्यात घेतला आणि तिच्या हातात ठेवला. तिनं तो पेटीत टाकला. "फार उशिरा," म्हणाली. ती आणखी काही बोलेल म्हणून मी थांबलो. ती भाकरी थापायला लागली.

दियानचा फोन अजून येतो. जैतून अजून तशीच हसते आणि मी अजून जळतो. रिचार्ज मात्र मीच करतो, जळत जळत. विचारल्याशिवाय तिला हात लावत नाही. बहुतेक वेळा ती नाही म्हणते. मग मी कूस बदलतो. यापुढं असंच.

ज्या निकाहात मुलीच्या हातात मेहेर नाही, तिथं मी वकील होणार नाही, साक्षीदार होणार नाही, जेवायलाही बसणार नाही. आणि जैतूनची माफी मागणार नाही. तिच्याकडून पहिल्या रात्री एकदा मागून घेतली, तेवढी पुरे.