सावलीच्या गळ्यातला हार

"फोटो आंघोळ करून राहिले!" बंद बाथरूममधून आमच्या शेजारच्या फोटोवाल्या काकांचा आवाज यायचा. बाहेर काकू खांद्यावर टॉवेल टाकून उभ्या. "अजी, पण माणसं कधी करतीन?"

रामदासपेठेत, दवाखान्यांच्या मागच्या गल्लीत हा संवाद मी इतक्यांदा ऐकलाय की दोन्ही आवाजांत करून दाखवतो. भेटलात तर फर्माईश करा.

काकांचा फोटो स्टुडिओ कधीच बंद पडला होता, फिल्म धुण्याची अंधारखोली आता घरचं बाथरूम. पण आता कुठेच न मिळणाऱ्या मापाचा रोल घेऊन शहरभर नकार ऐकलेला माणूस शेवटी त्यांच्या बाथरूमपाशी यायचाच. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक आहे. नळाला येतं ते पाणी चहाच्या लायकीचं, फिल्म धुण्याच्या नाही. म्हणून घरातला एकुलता एक माठ फोटोंसाठी राखीव. एकदा मी गुपचूप त्यातून पेला भरला, तर काकांनी तो ओठांपासून ओढून घेतला. "तुले नुसती तहान आहे गा, फिल्मले ताप आहे!"

अशा माणसाकडे मी माझ्या उमरेडच्या आत्याला घेऊन गेलो. मामाजी, म्हणजे तिचे यजमान, विणकर. हातमागावरून उठले की कॅमेरा गळ्यात. सगळ्या गावाचे फोटो काढले, स्वतःचा एकही नाही. ते गेल्यावर आम्ही मतदार कार्डावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. आत्यानं दोन दिवस पाहिला आणि उतरवला. "हा कोण चोरटा आणला गा घरात?"

मग पेटीत मामाजींचा पेटीएवढाच जुना कॅमेरा निघाला, आत रोल. "एखाद्यात तरी असतीन ते," म्हणत आत्या एसटीनं आली आणि त्या बाथरूमसमोर स्टुलावर बसली. दोन तास हलली नाही. काकूंचं पाणीसुद्धा घेतलं नाही.

काका ओली फिल्म लोंबवत बाहेर आले. "बारापैकी अकरा खलास. एक जिवंत."

त्या एकात अंगणात ताणलेलं सूत होतं आणि त्याच्यापुढे तरुण आत्या. आत्याचा चेहरा पडला. "मले पाहून मी काय करू जी? आरसा आहे घरी."

"बाई, पायाशी पाहा."

तिच्या पायाशी एका माणसाची सावली पडली होती, निगेटिव्हमध्ये उलटी, पांढरी. कॅमेरा पोटाशी, दोन्ही कोपरं बाहेर. आत्यानं फिल्म पार डोळ्यांना लावली. "हेच ते! कोपरं पाहा ना. जेवालेही असेच बसत, बाजूच्याले जागा नाही!" हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला, तो बराच वेळ काढला नाही.

मग म्हणाली, "भाऊ, मले कापून टाका. त्यांचाच मोठा करा."

कुठलंही काम न नाकारणाऱ्या काकांनी हे नाकारलं. "तुम्हाले कापलं तं ते पाहतीन कोणाकडं?"

तर फोटो अख्खा लागला, रीतीप्रमाणे वरून हारही पडला. आणि मामाजींच्या पुतण्याची नवी सून पहिल्यांदाच घरी आली. तिनं भिंतीवरच्या फोटोतल्या बाईला भक्तिभावानं हात जोडले, वळली, तर तीच बाई कपबशी घेऊन समोर. "घे वं, चहा." किंकाळी म्हणे बसस्टँडवर ऐकू गेली.

हे मी काकांना साग्रसंगीत करून दाखवलं. ते हसलेच नाहीत. "हार चुकला," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी हातोडी घेऊन माझ्यासोबत एसटीत बसले.

आत्याच्या घरी त्यांनी हार उतरवला, अंगठ्यानं माप घेतलं, फ्रेमच्या दोन्ही अंगांना, पार खाली, एकेक खिळा ठोकला. हार तिथून टांगला तो नेमका सावलीच्या गळ्यात. आत्या मोकळी. काका चार पावलं मागे सरकले, एक डोळा मिटला. "आता बसले मामाजी."

गेल्या वर्षी काका गेले. काकू आता बाथरूममध्ये हवं तेव्हा जातात आणि म्हणतात, आत मन लागत नाही.

उमरेडला मात्र नवा पाहुणा आला की खाली घसरलेला हार पाहून हळहळतो, सरळ करायला उठतो, आणि स्वयंपाकघरातून आत्या ओरडते, "हात नका लावू जी! त्यांचा गळा तिथंच आहे!"