जर्मनच्या हेडमधला प्लग

“ओढा! ओढा म्हणतो नं! घरून उपाशी आले का? का पोस्टात भाकर देत नाही तुमाले?”

ओरडत होता तो वरबाप. त्याचा आवाज असा, की आमच्या टिनाच्या शेडवर बसलेले कावळे उडाले ते थेट सावनेरला जाऊन टेकले असतील. आणि ओढत होता तो मुलीचा बाप. स्कूटरच्या इंजनच्या हेडमध्ये गच्च बसलेला प्लग, प्लगवर पाना, पान्याच्या दांडीत घातलेला हातभर लांब पाइप आणि त्या पाइपाला वटवाघळासारखा लोंबकळलेला हा माणूस. मे महिना. नागपूरचं ऊन म्हणजे काय सांगू! अंगणात विसरलेल्या हातोडीवर आम्ही पोळ्या शेकायचो. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

हुडकेश्वर रस्त्याला आमचं गॅरेज होतं. तेव्हा तिकडे घरं कमी, शेतं जास्त. गॅरेज उस्तादाचं, मी त्याच्या हाताखालचा मिस्त्री. उस्ताद नटाकडे नुसता रागाने पाहायचा आणि नट आपण होऊन सुटायचा. बोल्ट तर त्याला पाहून सलाम करायचे. हा प्लग मात्र बहिरा निघाला.

गोष्ट अशी होती. मुलीचा बाप पोस्टात होता. आयुष्यभर पाकिटांवर शिक्के हाणून त्याचा उजवा दंड पहिलवानाचा आणि बाकी देह उदबत्तीचा झाला होता. पोरीचं लग्न ठरलं, मुलाकडच्यांनी स्कूटर मागितली. नव्या स्कूटरला त्या काळात नंबर लावावा लागे, आणि आज लावला तर नातवाच्या बारशाला गाडी यायची. म्हणून बिचाऱ्याने जुनी पाहिली. घेण्याआधी आमच्या उस्तादाला दाखवली. उस्ताद म्हणाला, “घ्या. इंजन बरं आहे. हेड जर्मनचं आहे, तेवढा प्लग जपून काढत जा.”

आता आमच्याकडे अल्युमिनियमला जर्मन म्हणतात, हे काय सांगायला पाहिजे? जर्मनचा दुधाचा गंज, जर्मनचा डबा, जर्मनची बादली. पण मुलीच्या बापाने जाऊन इवायाला, म्हणजे वरबापाला, शब्दाला शब्द सांगितलं : हेड जर्मनचं आहे. वरबाप कचेरीत हेडक्लार्क. कोणत्याही हेडबद्दल आपल्याला सगळं कळतं असा त्याचा समज. त्याने मोहल्ल्यात दवंडी पिटली, की पोराला सासऱ्याकडून जर्मनीची मशीन येऊन राहिली. पानठेल्यावर तर त्याने ती जहाजातूनही उतरवली.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी सकाळी वरबापाने अट घातली. आधी पोरगा गाडीवर एक चक्कर मारून येईल, मगच अंगठी. पोरगा वळणापर्यंत गेला आणि गाडी भसकन बंद. किक मारून मारून त्याच्या चपलेचा अंगठा तुटला. मग मुलीच्या बापाने ती ढकलत आमच्या दारात आणली. नवरदेव डोक्यावर रुमाल टाकून सावली पाहत पाहत मागून आला. तिकडे घरी पाहुणे जमलेले, पोरगी नवं लुगडं नेसून पाटाजवळ बसलेली. गाडी सुरू झाली तर साक्षगंध, नाही तर नाही. वरबापाने हे आमच्या देखत, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं सांगितलं.

उस्तादाने प्लगला पाना लावला, अंदाज घेतला आणि हात पुसले.

“आज नाही निघत साहेब. कोणी काढलाच नाही कधी. लोखंड अन् जर्मन एकमेकाले धरून बसले. रॉकेल सोडतो बुडाशी, रातभर भिजू द्या. उद्या जरासा कसायचा, जरासा सोडायचा. जर्मनवर जोर नाही चालत, लाड करा लागते.”

“लाड?” वरबाप गरजला. “अरे, जर्मन लोकांनी दुनियेले घाम फोडला! त्याहिचं लोखंड तू रॉकेलनं भिजवतं? जोर लाव जोर!”

उस्तादाने माझ्याकडे पाहिलं. मी उस्तादाकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. पण तोंडात आयता पडलेला गुलाबजाम उस्ताद कधी लगेच गिळायचा नाही.

“पाइप देतो साहेब,” तो नम्रपणे म्हणाला. “पण हात आमचा नाही लागणार.”

“आमचाही नाही लागणार. इवाई ओढतील. चालेपर्यंत गाडी त्यायचीच आहे.”

मुलीच्या बापाने पाइप धरला. उस्तादाला हळूच विचारलं, “तुटन का गा?”

“मले काहून विचारता? तुमच्या इवायाले विचारा.”

तर असं ते ओढणं चाललं होतं. नवरदेव समोरच्या गाड्यावर उसाचा रस पीत होता. रस्त्यावरचे रिकामटेकडे जमले, म्हशी थांबल्या, एक रिक्षावाला भाडं सोडून बघत राहिला. वरबाप टाळ्या वाजवून “हां, अजून! अजून!” करत होता, जसा काही सर्कशीत अस्वल नाचवत होता. पाइपावरचा तो शिक्क्यांचा दंड एकदा थरथरला, हेडमधून कर्रर्र आवाज आला आणि मुलीचा बाप धाडकन मातीत बसला. हातात पाना, पान्यात प्लग. प्लगच्या अंगाला चांदीसारखी तार गुंडाळून आली होती. ते हेडचे आटे होते, मुळासकट.

“चुडी मेली!” उस्ताद आनंदाने ओरडला.

आट्यांना गॅरेजात चुडी म्हणतात. हे मुलीच्या बापाला कुठून माहीत? साक्षगंधाच्या दिवशी चुडीचं मरण ऐकून तो असा पांढरा पडला, की अंगातलं रक्त पोस्टाने परगावी पाठवलं असावं.

वरबाप वाकून भोकात पाहत होता. “जर्मन... अन् तुटलं?”

तेव्हा उस्तादाने गुलाबजाम गिळला. शेजारच्या चहाच्या टपरीवरचा, ठोकून ठोकून चेमटलेला गंज त्याने उचलून आणला आणि वरबापाच्या नाकासमोर धरला. “हे जर्मन, साहेब. तुमच्या घरीही असन. दूध तापवत असतील वहिनी.”

काय हसला रस्ता! म्हशीसुद्धा हसल्या म्हणतो मी. रिक्षावाल्याला ठसका लागला. वरबाप आधी लाल, मग जांभळा झाला. उस्तादाला काही म्हणायची त्याची छाती नव्हती. तो मुलीच्या बापाकडे वळला, त्याच्या हातातला पाना हिसकावला, त्यातला काळा प्लग काढला आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या खिशात घातला.

“घ्या. पोरीच्या बोटात घालजा. अंगठी समजून.”

यावर कोणी हसलं नाही असं लिहायला बरं वाटलं असतं. पण हसले. नवरदेव सगळ्यात जोरात.

मग बापलेक त्याच रिक्षात बसून गेले. मुलीचा बाप उठला, धोतर झटकलं. खिशातला प्लग काढायचंही त्याला सुचलं नाही. “बनन का?” एवढंच त्याने विचारलं. उस्ताद म्हणाला, लेथवर बुश मारून आणतो, नव्यासारखं होईल. तो मान हलवून पायीच निघाला, पाहुणे बसले होते त्या घराकडे.

उस्तादाने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला. “आटे गेले ते हेडचे,” तो म्हणाला, “पण पोरगी सुटली! अशा घरी गेली असती तर जन्मभर असाच पाइप लावला असता तिले.” आम्हाला वाटलं, आपण मोठं पुण्य केलं. ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली, की शेवटी शेवटी वरबाप नाल्यात पडायला लागला.

पावसाळा सरताना मुलीचा बाप गाडी न्यायला आला. हेड बसवलेलं, प्लग नवा, पहिल्या किकला इंजन बोललं. उस्ताद खुशीत होता.

“काय म्हणते पोरगी? दुसरीकडे पाहून राहिले का नाही स्थळ?”

त्याने स्टॅंड काढला, गाडीचं तोंड रस्त्याकडे वळवलं.

“झालं तिचं लग्न,” तो म्हणाला. “तिथंच दिली.”