उजव्या चाकातला खेळ

दुपारचं जेवण झाल्यावर मी गॅरेजच्या शेडमागच्या खोलीत खाटेवर आडवा होतो. झोपायचं नसतं, नुसती पाठ टेकायची असते, असं मी रोज म्हणतो आणि रोज घोरतो. आज मात्र झोप लागत नाही आणि धड जागही राहत नाही. वरचा पत्रा उन्हानं तापून मधूनच कडकड वाजतो. बाहेर स्वरूपा, माझी मुलगी, फियाटमध्ये सामान भरतेय. स्टोव्ह, गादी, पुस्तकांची खोकी. उद्या तिला चिपळूणच्या शाळेत शिक्षिका म्हणून हजर व्हायचंय. चहा झाला की ती पाटणहून निघणार आणि एकटी कुंभार्ली घाट उतरणार. गाडी तयार आहे, असं मी सकाळीच तिला सांगून टाकलंय.

आणि गाडी तयार आहेच. वयानं माझ्यापेक्षा थोडीच लहान, पण तयार आहे. परवा चालवून बघितली तेव्हा पुढून घूं असा आवाज यायचा. डावीकडं वळवली की वाढायचा, उजवीकडं वळवली की दबायचा. डाव्या वळणाला सगळा भार उजव्या चाकावर येतो, म्हणजे दुखणं उजव्या चाकाचं. जॅक लावला, एका हातानं चाक फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, तर बोटांना खरखर लागली. आत वाळू भरल्यासारखी. बेअरिंग गेलं होतं. आतलं आणि बाहेरचं, दोन्ही बेअरिंगं काढली. ज्या वाट्यांत ती फिरतात त्याही ठोकून काढल्या आणि सगळं नवं बसवलं. आवाज बंद झाला. फक्त चाक वरखाली धरून हलवलं की अजून एक बारीक टक् लागत होता. या बेअरिंगमध्ये जरासा खेळ, म्हणजे ढिलेपणा, ठेवावाच लागतो, फार आवळलं तर तापून जळतं. तेवढाच आहे, असं म्हणून मी हात धुतले.

डोळे मिटतात. टक्, असं ऐकू येतं.

"अवो," दारातून आवाज येतो. "बसू का गाडीत?"

शालन उभी आहे. माझी बायको. गेल्या पावसाळ्यात, साधी कावीळ आहे, उतरेल, असं सगळे म्हणता म्हणता ती गेली. पदर कमरेला खोचलाय आणि कोपरापर्यंत पीठ आहे. तू कशी आलीस, असं मी विचारत नाही. मी म्हणतो, आता कशाला बसतेस, काम उरकलं माझं.

"ब्रेक दाबून बघितला?"

नाही बघितला, आणि ते तिला माहीत आहे.

चाक हलतंय ते बेअरिंगमुळं की किंगपिनमुळं, हे एकट्या माणसाला कळत नाही. एकानं बाहेर बसून चाक हलवायचं आणि दुसऱ्यानं आत बसून ब्रेक दाबायचा. दाबल्यावर हलायचं थांबलं, तर खेळ बेअरिंगचा. दाबूनही हलत राहिलं, तर ज्याच्यावर अख्खं चाक वळतं तो किंगपिन झिजलाय. तो घाटात दगा देतो तेव्हा चाक आडवं पडतं आणि मग कुणी काही करू शकत नाही. आत बसून दाबायचं काम आमच्याकडं कायम शालनचं. मी शेडमधून "शाले, पाय!" अशी हाक मारायचो आणि ती भाकरी तव्यावर टाकून यायची. भाकरी करपली की दिवसभर मला ऐकवायची. ती गेल्यापासून त्या कामाला मी दुसऱ्या कुणाला बसवलं नाही. पोरीला तर नाहीच. मला ते जमत नाही. एकट्यानं होतील तेवढीच कामं मी घेतो आणि वर सांगतो, वय झालं आता.

आम्ही शेडमध्ये आहोत. शेडमध्ये चूल पेटलीय आणि चुलीवर तव्याच्या जागी ब्रेकचा ड्रम आहे. शालन परातीपाशी बसलीय. तळहातावर ग्रीसचा गोळा घेते, बेअरिंगची कड त्यावर दाबते, पुन्हा दाबते. ग्रीस दुसऱ्या बाजूनं वर येईपर्यंत दाबत राहते. हे काम ती माझ्यापेक्षा चांगलं करायची. मी कधी तोंडावर म्हणालो नाही, पण करायची.

"पोरगी कवा निघतीया?"

चहा झाला की, मी म्हणतो.

"मग बसलाय काय? उठा."

गाडी जॅकवर आहे. कुणी लावला जॅक, कळत नाही. शालन आत बसते, दार ओढून घेते. मी उजव्या चाकासमोर गुडघे टेकतो, एक हात वर आणि एक हात खाली धरतो. इथून ती दिसत नाही, नुसत्या बांगड्या ऐकू येतात.

"दाब."

"दाबलाय."

मी चाक हलवतो. टक्. नीट दाब, असं म्हणतो. नीटच दाबलाय, असं ती म्हणते. मी पुन्हा हलवतो. टक्. आता मला घाम फुटतो आणि घामाच्या मागोमाग राग येतो. तिचा येतो, चाकाचा येतो, त्या स्टोव्हचा आणि गादीचाही येतो.

"तुझ्या पायात आता जोर न्हाय, शालन," मी ओरडतो. "तू तर..."

"मेलेली हाय," ती आतून म्हणते, डब्यातलं मीठ संपलंय म्हणावं तसं. "म्हणून चाक हलतंय व्हय?"

गुडघ्याखाली आता फरशी नाही, खडी आहे. आम्ही घाटात आहोत. वळणावरचा कठडा माझ्या पाठीला लागतोय आणि त्याच्या पलीकडं काहीच नाही, पांढरं धुकं. जॅक अगदी कडेला रुतलाय. मागच्या काचेतून गादी दिसते, खोकी दिसतात. ही जागा थांबायची नव्हे, गाडी इथून काढ, असं मी सांगतो, पण माझे हात चाकावरून निघत नाहीत. सोडले तर गाडी जाईल, एवढं मला पक्कं कळतंय. मला भीती वाटतेय. मी इतका घाबरलोय की स्वरूपा आत आहे का, हे वाकून बघायची हिंमत होत नाही.

"तुम्ही बसा आत," शालन माझ्या शेजारी उकिडवी बसत म्हणते. "मी धरते."

मी आत बसलोय. सीट गार आहे, दवाखान्यातल्या बाकासारखी, आणि समोर काचेच्या जागी त्या दवाखान्याची हिरवी भिंत आहे. माझे हात स्टिअरिंगवर आहेत. बाहेर शालन कुठंतरी चाकाशी आहे. तिच्या हातांचं पीठ टायरला लागलं असणार, असा वेडा विचार मनात येतो.

"दाबा."

मी दाबतो. टक्. आता तो नुसता ऐकू येत नाही, स्टिअरिंगमधून माझ्या तळव्यांत येतो.

"अजून."

मी पाठ सीटला रेटून दाबतो. पोटरी दगड होते. पायाखालचा पेडल आता तसूभरही हलत नाही. ब्रेक पुरा लागलाय, यात शंकाच नाही. टक्.

"ह्यो बेअरिंगचा खेळ हाय?" ती विचारते.

मी नाही म्हणतो. म्हणजे तोंडानं म्हणत नाही, पण ती ऐकते.

मला रडू फुटतं. इतक्या महिन्यांत फुटलं नव्हतं. मी तिला म्हणतो, तू आत ये, ही जागा तुझी आहे, मी कुणाला बसू दिलं नाही इथं. ती उठून खिडकीशी येते. तोंड अगदी जवळ आहे आणि डोळे पिवळे नाहीत, स्वच्छ आहेत. ते बघून मला इतकं बरं वाटतं की क्षणभर मी चाक विसरतो.

"माझी कसली जागा, अवो? ब्रेक दाबायची जागा ती," ती म्हणते. "पोरीला बसवा की. तिला पाय न्हाईत का?"

मी खिडकीतून हात बाहेर काढतो. गाडी जॅकवरून हलते. मी पाय आणखी रेटतो.

रेटता रेटताच जागा होतो. मी खाटेवर उलटासुलटा पडलोय, उजवा पाय भिंतीला लावलाय आणि अजूनही दाबतोय. पोटरीत गोळा आलाय. पाय काढतो तर तिथल्या चुन्याचा पापुद्रा निघून चादरीवर पडलाय आणि भिंतीवर माझ्या टाचेएवढी माती उघडी झालीय. तळवा पांढरा आहे. मी तो झाडत नाही. तसाच लंगडत बाहेर येतो.

चहा उकळलाय, असं स्वरूपा सांगते. टपावरच्या दोरीची गाठ मारून झालीय आणि तिला किल्ली हवी आहे. मी सामानासकट गाडीला जॅक लावतो. ती कपाळाला आठ्या घालून बघत राहते. एकदा तयार झाली म्हणालात ना, असं म्हणते. मी तिला आत बसायला सांगतो. ती बसते.

"ब्रेक दाब."

मी चाक वरखाली धरतो आणि हलवतो. टक्.

"दाबलायस?"

"दाबलाय, बाबा. पूर्ण."

पुन्हा हलवतो. टक्. उघड्या दारातून तिचा पाय मला दिसतो, पेडलवर घट्ट रोवलेला. किंगपिन झिजलाय. सामान उतरव, असं मी तिला सांगतो, ही गाडी आज घाट उतरत नाही, उद्या पहाटेच्या एस.टी.नं जा, गादी आणि खोकी मी मागून पोचवतो. ती भडकते. एवढं बांधलंय सगळं, पहिलाच दिवस आहे, उशीर झाला तर काय सांगू, असं बरंच बोलते आणि मी बोलू देतो. बोलता बोलता तिची नजर माझ्या तोंडाकडं जाते आणि ती थांबते.

"बरं," ती हळू म्हणते. "एस.टी.नं जाते. सोडू का पाय?"

माझे हात अजून चाकावरच आहेत.

"नको," मी म्हणतो. "जरा बस तिथंच."