गाडी अक्काच धरते

कुंभकोणम् गावात मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्यांची काही वाण नव्हती. चंद्रमौळीचं दुकान तर वादिराजच्या घराच्या इतकं जवळ, की सकाळी देवाला गंध लावताना त्याच्या हातोडीचे ठोके ऐकू यायचे. तरीही वादिराजने आपल्या जावा मोटारसायकलचं मागचं चाक त्याला कधी काढू दिलं नव्हतं. लोक याला चिकटपणा म्हणत. शेजारचा स्वामीनाथ तर तोंडावर म्हणे. वादिराज हसण्यावारी नेई, कारण खरं कारण सांगितलं असतं तर मंडळी आणखीच हसली असती. मागचं चाक काढणं हे त्याचं आणि त्याच्या थोरल्या बहिणीचं, वेदवतीअक्काचं, घरचं काम होतं.

घरात दोघंच. आईवडील लवकर गेले. तंजावरच्या मराठा राजांबरोबर इकडे आलेल्या घराण्यांतलं हे एक घर. सोयरीक जुळायची ती अशाच चार घरांत, आणि अक्काच्या पत्रिकेत मंगळ असा ठाण मांडून बसलेला, की तिचं जमता जमेना. थोरली बहीण घरात असताना धाकट्यानं बाशिंग बांधायचं कसं? कुणी तरी पुढाकार घेईल म्हणून सगळे थांबले, आणि थांबता थांबता वादिराजचे केस पिकले. त्याला त्याचं फारसं दुःख नव्हतं. गरम भात वाढणारी आणि चुकलं की फटकारणारी अक्का घरात होती, आणखी काय हवं होतं?

तो बियाण्यांच्या सहकारी सोसायटीत तपासनीस होता. आज इन्नंबूर, उद्या तिरुनीलक्कुडी, अशी भाताच्या शेतांमधून त्याची फिरती असे. खड्ड्यांचे रस्ते, बाभळीचे काटे. मागचं चाक पंक्चर व्हायचं ते वरचेवर. मग रविवारी जेवणं उरकली, की गाडी दोन फळ्यांवरून चढवून घरातल्या उघड्या चौकात आणायची आणि मधल्या स्टँडवर उभी करायची. त्या गाडीचं एक बरं होतं. ब्रेकचा दांडा सोडवला, नट काढून एक्सल ओढून घेतला, की चाक बाजूला सरकायचं. चेन आपली जागच्या जागी राहायची, तिला हात लावायला नको. पण मडगार्ड खाली इतका उतरलेला, की चाक सरळ मागे काही निघायचं नाही. अख्खी गाडी डावीकडे कलती करायची, आणि ती तशी कलती धरून कुणी तरी उभं राहायचं. तेवढ्यात दुसऱ्यानं खाली बसून चाक बाहेर काढायचं. चाक परत घालतानाही तेच.

धरायचं काम अक्काचं. नऊवारीचा काचा घट्ट करून ती डाव्या बाजूला उभी राही, एक हात हँडलवर, एक सीटखाली, आणि गाडीचं सगळं वजन कमरेवर घेई. वादिराज नुसतं "धर" म्हणे आणि हात सोडी. ती आली की नाही, हे त्यानं कधी वळून पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. गाडी धरून अक्का गप्प बसेल तर शपथ! कुठल्या मामीची सून कशी, वडिलांनी कुठल्या जत्रेत चप्पल हरवली, हे सगळं तेव्हा निघायचं, आणि तेही घरच्या जुन्या मराठीत. उंबऱ्याबाहेर तमिळ, आत मराठी, असा त्या घराचा रिवाज होता.

एक्याण्णव साली पट्टीश्वरम्‌हून मावसबहीण सीतालक्ष्मीचा निरोप आला. थोरल्या सुनेचे दिवस भरलेत, हाताखाली कुणी नाही, अक्काला चार दिवस धाडा. सीतालक्ष्मीकडे देवीच्या दर्शनाला येणाऱ्यांना जेवू घालायचा व्यवसाय होता. घरात सुना, नातवंडं, पाहुणे, नुसती जत्रा. अक्का ट्रंक घेऊन निघाली. निघालेल्या माणसाला कुठे, कधी परत येणार, असं विचारू नये, त्यातून वडीलधाऱ्याला तर नाहीच, असं वडिलांनी लहानपणापासून बजावलेलं. वादिराजने विचारलं नाही. बस सुटेपर्यंत उभा राहिला आणि घरी आला.

सुनेला मुलगा झाला. बारसं झालं. बाळ पालथं पडायला लागलं. अक्का काही आली नाही. वादिराज मधूनमधून तिकडे जाऊन येई. ती पानावर वाढता वाढता त्याच्याशी बोले, कडेवर कुणाचं तरी पोर असे, आणि तिचा चेहरा भरल्यासारखा दिसे. तिला इथं बरं वाटतंय, हे त्याला दिसत होतं. मग "घरी कधी येतेस" हा प्रश्न तो गिळून टाकी आणि ताक पिऊन परते.

घरी आता मराठी बोलायला कुणी उरलं नव्हतं. ऑफिसात तमिळ, बाजारात तमिळ, स्वामीनाथशी तमिळ. एकदा भात करपला तेव्हा त्याच्या तोंडून एक शिवी निघाली, तीही तमिळच. त्या दिवशी त्याला फार एकटं वाटलं.

आणि मग मागचं चाक पंक्चर झालं.

स्वामीनाथ म्हणाला, मी धरतो. चंद्रमौळीने दुकानातूनच अदबीची तमिळ हाक मारली, अय्या, इकडे ढकलत आणा, कॉफी पिऊन होईतो देतो. वादिराजने दोघांनाही वाटेला लावलं. माझं मी पाहीन, म्हणाला. रविवारी गाडी चौकात घेतली. खांबाला दोर बांधून गाडी अडकवायची, असा त्याचा बेत होता, आणि बेत वाईट नव्हता. ब्रेकचा दांडा सुटला. नट जरा कुरकुरला, पण निघाला. एक्सल हाती आला, मधली नळी त्यानं ताटलीत ठेवली. चाक बाजूला सरकवलं. आता फक्त गाडी कलती करून दोराला गाठ मारायची होती. त्यानं गाडी डावीकडे झुकवली, पुरेशी झुकली असं हाताला वाटलं, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं म्हणाला, "धर."

म्हणाला आणि हात सोडले. दोराला गाठ मारलेलीच नव्हती.

गाडी धाडकन फरशीवर आली. आरसा फुटला, हँडल वाकलं, फूटरेस्टनं नडगी सोलून काढली. वादिराज तसाच खाली बसून राहिला. पायाचं काही वाटलं नाही, इतका तो त्या रिकाम्या जागेकडे बघत होता. डाव्या बाजूला कुणी नव्हतं. ते त्याला इतके महिने माहीत होतं, पण हातांना माहीत नव्हतं. मग त्याला रडू आलं, आणि घरात कुणी नसल्यामुळे ते आवरायचीही गरज पडली नाही.

दुसऱ्या दिवशी लंगडत तो पट्टीश्वरम्‌च्या बसमध्ये चढला. अक्काला काय सांगायचं ते वाटेत घोळवत गेला. घर खायला उठतंय, परत ये. एवढंच सांगायचं होतं. पण पोचला तर अक्का लिंबं चिरत बसलेली, भोवती तीन पोरं. तिनं पायाची पट्टी पाहून विचारलं, आणि त्याच्या तोंडून निघालं ते चाकाचंच. गाडी धरायला कुणी नाही, म्हणाला.

"चंद्रमौळी मेला कीं काय?" अक्का म्हणाली.

"त्याला तुझ्यासारखी धरतां येत नाही," वादिराज म्हणाला.

अक्काने सुरी खाली ठेवली. त्याच्याकडे पाहिलं, आणि रविवारी येते म्हणाली.

रविवारी ती सकाळच्याच बसने आली. आल्या आल्या घर झाडलं, देवाची भांडी घासली, फडताळातले डबे उघडून आत काय काय सडलंय याबद्दल त्याचा चांगलाच उद्धार केला. वादिराज इतका खूश झाला, की शिव्या खातखातच जेवला. मग दोघं गाडीशी आली. हँडल त्यानं आदल्या दिवशी ठोकून सरळ केलं होतं. "धर" म्हणाला, आणि हात सोडण्याआधी आयुष्यात पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. अक्का उभी होती. गाडी तिच्या कमरेवर आली, तेव्हा तिनं जरा दम घेतला. ती म्हातारी व्हायला लागली होती.

चाक निघालं. ट्यूबमध्ये बाभळीचा काटा सापडला. पॅच लावून होईपर्यंत अक्का पायरीवर बसून बोलत राहिली, सीतालक्ष्मीच्या सुनांचं, तिथल्या गडबडीचं. तिथे दुपारी पाठ टेकायला मिळत नाही, एवढं एकदा म्हणाली. वादिराजला वाटलं, ही कौतुकाचीच तक्रार. मग पुन्हा गाडी कलली, चाक आत गेलं, रबरांच्या खाचांत बसलं, नळी, एक्सल, नट, ब्रेकचा दांडा. हात धुऊन त्यानं कॉफी केली. दोघं चौकात प्याली. आता विचारायचं, असं त्यानं ठरवलं. पेला संपला की विचारायचं. पेला संपला. अक्का त्याच्याकडे बघत होती.

ब्रेक जरा लूज वाटतो, चालवून बघायला हवं, असं वादिराज म्हणाला.

अक्का उठली. दोन्ही पेले विसळून उपडे ठेवले, पदर खोचला. "मग मलाच सोडून ये पट्टीश्वरम्‌ला," ती म्हणाली. "ब्रेकही कळेल."

काय हा माणूस! बियाण्याच्या पोत्यात हात घालून दाण्याची उगवण सांगायचा, आणि समोरच्या माणसाचं मन त्याला वाचता येईना. त्यानं गाडी बाहेर काढली. ती एका बाजूला पाय सोडून मागे बसली. वाटेत त्यानं दोनदा ब्रेक दाबून पाहिला. ब्रेक उत्तम लागत होता.

सीतालक्ष्मी दारातच होती. अक्काला उतरताना पाहून ती चकित झाली.

"हें काय, परत घेऊन आलास?" तिनं वादिराजला विचारलं. "काल अस्क्यांचा, लहानथोर साऱ्यांचा, निरोप घेऊन झाला की तिचा. ट्रंक बैलबंडींत घालून मागनं पाठवा म्हणून सांगून गेली."

गाडी सुरूच होती. वादिराजने ती बंद केली. अक्का पायरीवर उभी होती, पाठ त्याच्याकडे.

"चाक बसलें," ती सीतालक्ष्मीला म्हणाली. "त्याचें तेवढेंच काम होतें."

सीतालक्ष्मी समजली असावी, कारण ती आत निघून गेली.

"अक्का," वादिराज म्हणाला, "घरीं चल."

"आतां नको, वादी. दुपारभर आपण दोघेंच होतों. तेव्हां तूं ब्रेकाचें बोललास. आतां तिनें सांगितलें म्हणून म्हणतोस."

"मला वाटलें, तुला इथें बरें वाटतें."

"मलाही वाटलें, तुला एकट्याला बरें वाटतें," अक्का म्हणाली. "कितीदां येऊन गेलास. एकदां तरी म्हटलास काय?"

आतून कुणाचं तरी पोर रडायला लागलं, तिच्याच नावानं. ती पायऱ्या चढून गेली. वादिराज बराच वेळ गाडीवर बसून राहिला. कुणी बाहेर आलं नाही. पानं टाकल्याचा, भात उतरवल्याचा आवाज आला, मग त्यानं किक मारली.

परतीचा रस्ता कालव्याच्या कडेनं होता. मागची सीट रिकामी असल्यामुळे गाडी हलकी वाटत होती. चाक कुठेही डगमगत नव्हतं, अगदी सरळ धावत होतं, आणि ते इतकं नीट बसवल्याबद्दल वादिराजला स्वतःचाच राग आला.